थांबा! एक गॉज कमी आहे!

बालमित्रांनो, जुलै २०२३ मधली गोष्ट. नागपूरहून हवाई दलाचं एक विमान पुण्याकडे निघालं. त्यातून कोण येत होतं, सांगा पाहू? एक हृदय! नागपुरातल्या एका बाईंच्या मेंदूचं काम कायमचं थांबलं होतं. सगळे उपाय संपले होते. तेवढ्या दुःखातही घरच्यांनी अवयवदान करायचं ठरवलं. ते हृदय सुमारे दीड तासात पुण्याला पोचलं. पुण्यातल्या ‘आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेस’ या लष्करी रुग्णालयात ते हवाई दलाच्या एका जवानाच्या छातीत बसवलं गेलं.

बातमी वाचून सगळ्यांनी वैमानिकांचं आणि डॉक्टरांचं कौतुक केलं. करायलाच हवं. पण तुमच्यातल्या एखाद्या चौकस मुलीच्या मनात नक्की येईल, ‘जुनं हृदय काढलं, नवं अजून बसायचं होतं. मधल्या वेळात तो माणूस जगला कसा?’

अगदी बरोबर प्रश्न! त्याचं अर्धं उत्तर म्हणजे एक यंत्र. आणि उरलेलं अर्धं? अशा खोलीत डोळ्यांत तेल घालून उभी असणारी माणसं. त्यांच्यापैकी सिस्टर लोकांची, म्हणजे परिचारिकांची, आज ओळख करून घेऊ. त्यांची नावं बातमीत क्वचितच येतात. पण त्यांनी ‘थांबा’ म्हटलं की मोठमोठ्या सर्जनचे हातसुद्धा थांबतात, बरं का!

पंप बंद, टँकर चालू

तुमच्या सोसायटीतला पाण्याचा पंप बिघडला, तर तो चालू ठेवून दुरुस्त करता येईल का? नाही. आधी बंद करावा लागेल. मग चौथ्या मजल्यावरच्या आजींना पाणी कुठून मिळणार? टँकर बोलवावा लागेल.

आपलं हृदय हाही पंपच. मिनिटाला साधारण ७० ठोके, म्हणजे दिवसाला सुमारे १ लाख! मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला जवळजवळ ५ लिटर रक्त शरीरात ढकलतं. हा पंप बंद पडला, तर मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. मग हृदयाच्या आतलं छिद्र शिवायचं कधी आणि कसं?

अमेरिकेतले डॉक्टर जॉन गिबन यांना हा प्रश्न १९३१ सालापासून छळत होता. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या एका रुग्णाजवळ ते रात्रभर बसून होते. पण रुग्ण वाचला नाही. ‘हिचं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत आत सोडता आलं असतं तर?’ हा विचार त्यांनी सोडला नाही. पत्नी मेरी यांच्या मदतीनं ते प्रयोग करत राहिले. अखेर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र त्यांनी बंद केलं. तेव्हा २६ मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम यंत्रानं केलं. २२ वर्षांची तपश्चर्या फळाला आली!

तेच हे ‘हार्ट-लंग मशीन’. बायपास मशीनही म्हणतात. हृदयाकडे येणारं रक्त नळीतून यंत्राच्या टाकीत येतं. तिथून ते ऑक्सिजनेटरमध्ये जातं. तिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर आणि प्राणवायू आत! मग ते शरीराच्या मुख्य रोहिणीत सोडलं जातं. रक्त पुढे ढकलणारा पंप कसा असतो ठाऊक आहे? उसाच्या गुऱ्हाळातला चरक आठवा. बऱ्याच यंत्रांत फिरते रूळ नळी दाबत जातात आणि आतलं रक्त पुढे सरकतं. हे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला ‘परफ्युजनिस्ट’ म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, ‘आणि लाइट गेले तर?’ रुग्णालयात जनरेटर असतो, यंत्राला बॅटरी असते. आणि तेही दगा देतील म्हणून एक साधं हँडल असतं. ते जागेवर आहे की नाही, हे सकाळीच पाहून ठेवतात. वेळ आलीच, तर हातानं गरगर फिरवून रक्त वाहतं ठेवायचं!

“बाळ, तुझं नाव काय?”

समजा, तुमच्याच वयाची एक मुलगी आहे. शाळेत आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि जरा जास्तच वेळ ऐकलं. पुढच्या तपासण्यांत कळलं, की हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. आज तिचं ऑपरेशन. आपणही तिच्याबरोबर आत जाऊ या. चपला बाहेर, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क!

दाराशीच सिस्टर विचारतात, “बाळ, तुझं नाव काय?” हातातल्या फाइलवर नाव ठळक लिहिलेलं आहे, मनगटावर नावाची पट्टी आहे. तरी का विचारतात? आणि ‘तू अमुक ना?’ असं का नाही विचारत? कारण घाबरलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. नाव स्वतःच्या तोंडून यायला हवं. लहान बाळ असेल, तर आईच्या तोंडून. ते पट्टीशी जुळलं, फाइलशी जुळलं, की मगच पुढे.

मग प्रश्नांची सरबत्ती. “काही खाल्लं-प्यायलंस का?” पोटात अन्न असेल, तर भूल दिल्यावर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. “कुठल्या औषधाची ॲलर्जी?” “एखादा दात हलतोय का?” हसू नका! भूल देताना तोंडातून नळी घालतात. हलणारा दुधाचा दात निसटून श्वासनलिकेत गेला तर? नखांचं पॉलिशही आधीच काढलेलं असतं, कारण रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा बोटाला लावायचा असतो. आजीनं बांधलेला काळा दोरा आणि कानातलं सिस्टरांनी हलकेच काढलं, पाकिटात घालून वर नाव लिहिलं आणि आईच्या हातात दिलं. धातू अंगावर राहिला, तर विजेच्या उपकरणानं तिथे चटका बसण्याची भीती असते.

टेबलावर तिला झोपवल्यावर टाचा, कोपरं, डोकं यांच्याखाली मऊ गाद्या सरकवल्या जातात. आपल्याला झोपेत एक बाजू दुखली, की आपण कुशीवर वळतो. भूल दिलेल्या मुलीला वळता येत नाही, ‘दुखतंय’ असंही म्हणता येत नाही. तिच्या वतीनं कुणीतरी हे आधीच ओळखायला हवं, नाही का?

कुणी पाहिलं नाही तरी

खोलीत मुख्यतः दोन सिस्टर असतात. एक स्क्रब सिस्टर. त्या कोपरापर्यंत हात काही मिनिटं नीट धुऊन, निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे घालून सर्जनशेजारी उभ्या राहतात आणि हवं ते हत्यार हातात देतात. दुसऱ्या फिरत्या सिस्टर. त्या सामान आणून देतात, वेळा लिहितात, फोन घेतात आणि साऱ्या खोलीवर नजर ठेवतात. ब्रदरही ही कामं करतात, बरं का!

आता एक कठीण परीक्षा. समजा, स्क्रब सिस्टरांचा हातमोजा चुकून ट्रॉलीच्या खालच्या, निर्जंतुक नसलेल्या भागाला लागला. पुसटसा. कुणाचंही लक्ष नव्हतं. काय करायचं?

परीक्षेत कॉपी करताना ‘सरांनी पाहिलं नाही ना, मग झालं!’ असं काही मुलं म्हणतात. इथे ते चालत नाही. जंतूंना कुणी पाहिलं की नाही, याच्याशी काही देणंघेणं नसतं. “माझा हातमोजा लागला, बदलते,” असं सिस्टर स्वतःच सांगतात. कुणी रागावत नाही. उलट असं सांगणाऱ्यावरच विश्वास ठेवता येतो.

दूध उतू का गेलं?

आई म्हणाली, “पाच मिनिटांनी दुधाचा गॅस बंद कर.” तुम्ही क्रिकेटची मॅच बघता बघता म्हणालात, “हो-हो!” आणि दूध? गेलं उतू! ‘हो’ म्हणजे ऐकलं, की समजलं, की केलं, हे आईला कळणार कसं?

ऑपरेशन थिएटरमध्ये नुसतं ‘हो’ पुरत नाही. रक्ताला शरीराबाहेर नळ्यांमध्ये गोठायची सवय. यंत्रात रक्त गोठलं तर सगळंच संपलं. म्हणून आधी हेपॅरिन नावाचं औषध देतात. सर्जन सांगतात, “हेपॅरिन द्या.” भूलतज्ज्ञ औषधाचं नाव आणि मात्रा पुन्हा मोठ्यानं म्हणतात, देतात आणि सांगतात, “हेपॅरिन दिलं.” फिरत्या सिस्टर वेळ लिहितात. मग रक्त तपासतात. या चाचणीत एरवी साधारण दोन मिनिटांत गोठणाऱ्या रक्ताला आता आठ मिनिटं, म्हणजे ४८० सेकंद लागतात की नाही, हे पाहतात. आकडा समाधानकारक असेल तरच यंत्र सुरू!

ऑपरेशन संपल्यावर याच्या उलट काम करणारं प्रोटामाइन देतात. त्यानं रक्त पुन्हा गोठू लागतं. पण गंमत पाहा, म्हणजे खरं तर धोका पाहा. दोन्ही औषधं पाण्यासारखी, रंगहीन! यंत्र चालू असताना चुकून प्रोटामाइन गेलं तर? म्हणून प्रत्येक सिरिंजवर नावाची चिठ्ठी असते. चिठ्ठी नसलेली सिरिंज सरळ फेकून देतात. ‘मला आठवतंय, यात काय आहे’ हे वाक्य इथे चालत नाही. रक्ताची पिशवी लावतानाही एकीनं वाचायचं, दुसरीनं ताडून पाहायचं. नाव, नंबर, रक्तगट, तारीख. दोघींचं जुळलं तरच पिशवी लावायची.

मग यंत्र सुरू होतं. हृदयात पोटॅशियम असलेलं थंडगार औषध सोडतात आणि ते अलगद थांबतं. मॉनिटरवरची नागमोडी रेघ सरळ होते. सिनेमात अशी रेघ दिसली की सगळे रडू लागतात. इथे मात्र ती मुद्दाम आणलेली असते! आता घड्याळाशी शर्यत. बरेचदा वीसेक मिनिटांनी हृदयाला ते औषध पुन्हा द्यावं लागतं. सर्जनची नजर त्या इवल्याशा छिद्रावर खिळलेली असते. “वीस मिनिटं झाली,” हे दुसऱ्या कुणीतरीच सांगायला हवं.

आणि मोजणी चुकली!

सिंहगडावर सहल जाते, तेव्हा बाई मुलांना किती वेळा मोजतात? बसमध्ये चढताना, गडावर पोचल्यावर, पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर आणि परत निघताना. कंटाळा येतो ना? पण एक जण जरी कमी भरला, तर बस हलेल का?

इथेही तसंच. रक्त टिपायला गॉज लागतात. त्यांचे पाच किंवा दहाचे गठ्ठे असतात. सुरू करण्याआधी दोघी सिस्टर मिळून एकेक गॉज सुटा करून मोठ्यानं मोजतात आणि आकडा फळ्यावर लिहितात. मध्येच नवा गठ्ठा उघडला, की तोही लिहायचा. सुया, चिमटे, छोट्या क्लिपा, साऱ्यांची मोजदाद होते. हृदयावरच्या नाजूक टाक्यांची सुई तांदळाच्या दाण्याएवढी आणि दोरा केसाहूनही बारीक असू शकतो! हृदय बंद करण्याआधी मोजणी, छातीचं हाड जोडण्याआधी मोजणी, कातडी शिवताना पुन्हा मोजणी. तोवर खोलीतला कचरासुद्धा बाहेर जात नाही.

आपल्या मैत्रिणीचं छिद्र बंद झालं आहे. हृदय पुन्हा धडधडू लागलं आहे. यंत्र थांबलं आहे. सगळे तीन-चार तास उभे आहेत. सर्जननी हाड जोडायची स्टीलची तार मागायला हात पुढे केला. आणि स्क्रब सिस्टर म्हणाल्या,

“सर, थांबा. एक गॉज कमी आहे. तीस उघडले होते, एकोणतीसच आहेत.”

क्षणभर शांतता. या सिस्टर त्या खोलीत वयानं सगळ्यांत लहान. समोर वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव असलेले सर्जन. ‘माझंच मोजायला चुकलं असेल तर? सर रागावले तर?’ त्यांच्या मनात आलं नसेल? नक्कीच आलं असेल. पण आत राहिलेला गॉज सडतो, पू होतो, ताप येतो आणि छाती पुन्हा उघडावी लागते. कधी जीवही जातो. त्यापेक्षा रागावणं परवडलं!

“पुन्हा मोजा,” सर्जन म्हणाले आणि स्वतः आत शोधू लागले. पुन्हा एकोणतीस! फिरत्या सिस्टरांनी बादली पाहिली, टेबलाखाली पाहिलं. गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो. आता एक्स-रे मशीन मागवायचं, असं ठरत होतं. इतक्यात मुलीच्या अंगावरच्या हिरव्या कापडाच्या घडीत रक्तानं भिजलेला तिसावा गॉज सापडला.

“तीस. मोजणी बरोबर.”

“थँक यू, सिस्टर,” सर्जन म्हणाले आणि तार मागितली.

गॉज छातीत नव्हताच, मग वेळ फुकट गेला का? मुळीच नाही! नव्हता, हे शोधल्यावरच कळलं ना?

एका पानाची जादू

मोठ्यांना ‘थांबा’ म्हणणं सोपं नसतं. ते सोपं व्हावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ऑपरेशनसाठी एका पानाची यादी आणली. तिच्यात १९ मुद्दे आहेत. ती तीनदा वाचायची. भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रुग्ण खोलीबाहेर जाण्याआधी. ही यादी करणाऱ्या गटाचे प्रमुख होते अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे. आडनाव ओळखीचं वाटलं ना? त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे विदर्भातल्या उटी गावचे!

वैमानिक उड्डाणाआधी यादी वाचतात, तीच युक्ती इथे वापरली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती करून पाहिली. आधी ऑपरेशननंतर दर हजार रुग्णांमागे १५ दगावत होते. यादी आल्यावर हे प्रमाण ८ वर आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फक्त एक पान!

त्या पानावर एक गमतीदार सूचना आहे. छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. का बरं? वर्गात पहिल्या दिवशी बाई तुम्हाला नाव सांगायला लावतात. एकदा तोंड उघडलं, की पुढे शंका विचारायची भीड चेपते. डॉ. गावंडे यांनी लिहिलं आहे, की सुरुवातीला बोलायची संधी मिळालेली माणसं पुढे काही चुकतंय असं वाटलं तर जास्त मोकळेपणानं बोलतात.

आणि बोलायचा हा हक्क आपल्याकडे बायकांना सहज मिळालेला नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळावं म्हणून खटपट केली. परक्या माणसांची शुश्रूषा करणं चांगल्या घरातल्या बाईला शोभत नाही, असं समजण्याचा तो काळ! आज पुण्याच्या लष्करी रुग्णालयांतल्या परिचारिका सैन्यात अधिकारी असतात. त्यांच्या खांद्यावर तारे असतात. पण ‘थांबा’ म्हणायचा अधिकार तारे नसलेल्या सिस्टरलाही तितकाच आहे.

आई-बाबांसाठी दोन शब्द

ऑपरेशनआधी सिस्टर तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतील. वैतागू नका, तिसऱ्यांदाही नीट उत्तर द्या. मुलाला खोकला असेल, ताप येऊन गेला असेल, भुकेनं रडला म्हणून बिस्किट दिलं असेल, तर लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तरी चालेल. आणि तुम्हाला शंका आली तर तुम्हीही विचारा.

आता तुमची पाळी

ऑपरेशन संपलं तरी स्क्रब सिस्टर ट्रॉली लगेच आवरत नाहीत. अचानक रक्तस्राव झाला, तर छाती पुन्हा उघडावी लागेल, म्हणून हत्यारं तयार ठेवतात. मुलगी अतिदक्षता विभागात पोचते. तिथल्या सिस्टरांना सगळं तोंडी आणि लेखी सांगितलं जातं. कोणती औषधं चालू आहेत, किती रक्त दिलं, कोणत्या नळ्या कुठे आहेत. मग कुठे हातमोजे उतरतात.

दुसऱ्या दिवशी मुलगी डोळे उघडते. आई पाकिटातला काळा दोरा तिच्या उशाशी ठेवते. सर्जन फेरीला येतात, तेव्हा आई-बाबा हात जोडतात. गॉज मोजणाऱ्या सिस्टर तिथे नसतात. त्या खाली थिएटरमध्ये दुसऱ्या कुणाला तरी विचारत असतात, “बाळ, तुझं नाव काय?”

मित्रांनो, एक करून पाहा. पुढच्या वेळी आईनं काही सांगितलं, की नुसतं ‘हो’ म्हणू नका. काय केलं ते पुन्हा म्हणून दाखवा. आणि सहलीच्या बसमध्ये मोजणी चुकली असं तुम्हाला वाटलं, तर तुम्ही कितीही लहान असा, हात वर करा आणि मोठ्यानं म्हणा,

“बाई, थांबा! एक जण कमी आहे!”